काटा थोडा बाजूला

आमच्या पडेगावच्या घरात रेडिओ लागतो तो फक्त गॅलरीत. आत लागत नाही. आतले एलईडीचे दिवे, इन्व्हर्टर आणि मोबाइलचे चार्जर मिळून अशी खरखर करतात, की निवेदक बातम्या देतोय की कढईत मिरच्या तळतोय ते समजू नये. म्हणून माझी आई, म्हणजे आमची माय, गावाकडून, पिशोरहून आली तेव्हा तिचा जुना ट्रान्झिस्टर मी गॅलरीच्या कठड्यावर ठेवला, शेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि स्टेशन नीट लावून दिलं. आवाज स्वच्छ, भरदार. मी स्वयंपाकघराकडे वळते न वळते तोच तिनं काटा हलवला.

थोडासाच. स्टेशन गेलं नव्हतं, पण निवेदकाचा आवाज बारीक आणि नाकातला झाला होता, आणि मागं सूं सूं सुरू झालं होतं. मी परत जाऊन काटा मधोमध आणला.

"अगं, नीट लावलं होतं की मी."

"ऱ्हाऊ दे. मला असंच बरं लागतंय," असं म्हणून तिनं पुन्हा हलवला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावरची रेघ तिरकी गेली तर पुसून परत काढणारी बाई आहे मी. वाकडी तसबीर दुसऱ्याच्या घरातसुद्धा सरळ करते, आणि त्यावरून आमच्या घरात माझी भरपूर चेष्टा होते. तेव्हा काट्याच्या या प्रकरणात मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. येता-जाता मी काटा सरळ करायची, आणि माय माझी पाठ वळायची वाट बघायची.

हे सगळं गमतीचं वाटलं असतं, पण त्या दिवसांत गमतीला जागा नव्हती. तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माय पडेगावला आली नव्हती, तिला आणलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून ती पिशोरला एकटीच राहायची. घर, परसातल्या शेळ्या आणि शेजारी चुलत दिराचं घर, एवढा तिचा पसारा. माझा धाकटा भाऊ कन्नडला असतो, साखर कारखान्यात. तो बाजाराच्या दिवशी जाऊन तिला बघून यायचा. त्याच्या कानावर आधी शेजाऱ्यांचं बोलणं आलं, मग त्यानं स्वतः बघितलं. विचारावं एक, तर माय उत्तर दुसरंच देई. कुकरच्या शिट्टीवर शिट्ट्या होत, डाळ करपे, आणि ही शेजारीच तांदूळ निवडत बसलेली असे. एकदा त्यानं फोनवर सांगितलं, "माय, तुझ्यासाठी साडी घेतली." तर ही म्हणाली, "गाडी कशाला रं? चालवायची कुणी?"

त्या गाडीवर आम्ही पोट धरून हसलो. नंतर हसणं आपोआप कमी होत गेलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती स्वतःच म्हणायची, "मला कळंना झालंय बघ." भाऊ मला म्हणाला, "ताई, तीच तिच्या तोंडानं म्हणायली, कळंना म्हून. आता आनखी काय पायजे?"

त्याचा बेत ठरला होता. दिवाळी झाली की मायला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं. मग तिनं कायमचं माझ्याकडे नाहीतर त्याच्याकडे राहायचं, शेळ्या देऊन टाकायच्या आणि पिशोरच्या घराला कुलूप लावायचं. तो दुष्टपणानं बोलत नव्हता. घाबरला होता. मीही घाबरले होते. मायला मात्र पिशोर पाहिजे होतं, बाकी काही नको होतं. "माझ्या शेळ्या मला वळखत्यात," एवढंच ती म्हणायची, आणि गॅलरीत जाऊन काटा बाजूला सरकवायची. सरळ लागलेलं स्टेशन मुद्दाम बिघडवणारं माणूस म्हणजे भावाचंच म्हणणं खरं, असं वाटायचं.

कारण रेडिओ मायला नवा नव्हता. उभ्या आयुष्यात तिच्याइतका रेडिओ मी कुणाला ऐकताना बघितलं नाही.

आमचं घर मूळचं मेंढपाळांचं. मला कळायला लागलं तोवर मेंढरं जाऊन शेळ्या आल्या होत्या, थोडी कोरडवाहू जमीन होती आणि बाकी मजुरी. मग आबांना शहरात राखणीचं काम लागलं. शहराबाहेर माळावर रेडिओचा उंच लोखंडी मनोरा होता. त्याच्या कंपाउंडात जनावरं शिरू द्यायची नाहीत आणि वाढलेलं गवत काढायचं, हे काम. जन्मभर जनावरं वळली आणि आता हाकलायला ठेवलंय, असं आबा स्वतःच सांगून हसायचे. बाजाराच्या दिवशी एसटीनं घरी यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत जायचे. एका खेपेला त्यांनी चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर आणला आणि मायच्या गळ्यात अडकवला. त्या दिवसापासून आमच्या शेळ्या बातम्या, भजनं, शेतीचे सल्ले असं सगळं ऐकत चरू लागल्या.

सकाळी स्टेशन सुरू झालं की निवेदक सांगायचा, मध्यम लहरींवर अमुक मीटर म्हणजेच अमुक किलोहर्ट्झवर आपण ऐकत आहात. तो मीटरचा आकडा दोनशेला थोडा कमी होता. किलोहर्ट्झ मायनं पहिल्याच दिवशी सोडून दिला. मीटर मात्र तिच्या ओळखीचा होता. दुकानात कापड मीटरवर मिळायचं, रोजगार हमीच्या कामावर रस्ता मीटरनं मोजायचे. तेव्हा मनोरा आपल्यापासून किती लांब आहे तेच तो माणूस रोज सांगतो, अशी तिची खात्री झाली.

मी फार लहान होते आणि आबांसाठी सारखी रडायची. तो आकडा आला की माय मला उचलून घ्यायची.

"ऐकलं का? दोनशे मीटर बी नाय. हितंच हाय तुझा बाप, टेकाडाच्या मागं."

मी गप्प व्हायची. टेकाडामागं जाऊन बघावं असं मला कधी वाटलं नाही. माणूस इतकं जवळ असल्यावर बघायला कशाला जायचं? आणि रेडिओ चालू आहे म्हणजे आबा ठीक आहेत, हेही मायनं ठरवून टाकलं होतं. मध्येच आवाज बंद पडला आणि तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी आली, की ती जिथं असेल तिथं उभी राहायची. गाणं परत लागलं की पुढं चालायची.

मीटर म्हणजे अंतर नव्हे, हे शेवटी आबांनीच सांगितलं. मनोऱ्यावरच्या एका इंजिनिअर साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत त्यांना दोरीनं समजावलं होतं. आबांनी ते घरी जसंच्या तसं करून दाखवलं. कासरा खुंट्याला बांधला, दुसरं टोक हातात धरलं आणि सावकाश हलवलं. दोरीत एकच लांब लाट उठली. मग हात भराभर हलवला. लाटा आखूड झाल्या, पण पुष्कळ झाल्या.

"ह्या लाटंच्या डोक्यापासून त्या लाटंच्या डोक्यापातूर जेवढं अंतर, त्ये मीटर," आबा म्हणाले. "आन् एका सेकंदात हात कितींदा हालला, त्ये हर्ट्झ. हजारदा हालला की किलोहर्ट्झ."

मायनं सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी मनोरा दोनशे मीटरवर नाय?"

"नाय."

"पर ती लाट आपल्या दारापातूर येती नव्हं?"

"येती की. येती म्हून तर वाजतंय."

"मग झालं," माय म्हणाली, आणि पुढंही दोनशे मीटरच म्हणत राहिली.

त्या कासऱ्यानं घरात आणखी एक गोष्ट सुरू केली. आबांनी सगळ्यांची लहरींप्रमाणे वाटणी केली. माय मध्यम लहरी, कारण ती रागवायची बेतानं, पण तिचा राग लांबपर्यंत पोचायचा. मी लघुलहरी. माझा राग आखूड, पण सारखा येणारा. पुढं शाळेत वारंवारता हा शब्द आला तेव्हा मला तो पाठ करावा लागला नाही. लाट जितकी आखूड तितकी ती वारंवार, हे माझं माझ्यावरूनच मला ठाऊक होतं. दोनशे मीटरची लाट म्हणजे सेकंदाला पंधरा लाख हेलकावे, हा भागाकार मी पहिल्यांदा केला तेव्हा आबांचा हात डोळ्यांपुढं आला आणि हसू आवरेना. आजही हा धडा आला की मी वर्गात दोरी घेऊन जाते. मी विज्ञान शिकवायला लागले त्याचं मूळ त्या दोरीत आहे. गवत काढणाऱ्या माणसाला जेवण बाजूला ठेवून लाट समजावणारे ते साहेब कोण होते, मला माहीत नाही. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

तर अशी ही रेडिओवाली माय माझ्या गॅलरीत बसून स्टेशन बिघडवत होती.

घरातही चुका चालूच होत्या. पीठ चाळायला घेतलं आणि म्हटलं, "माय, चाळणी दे गं." तिनं चहाची गाळणी आणून दिली. मी चिडले, मग माझ्या चिडण्याची मलाच लाज वाटली, आणि त्यामुळं आणखी चिडले. लघुलहरी. माय गाळणी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काहीतरी चुकलंय एवढं तिला समजलं होतं, पण काय ते नाही.

गाठ सुटली ती माझ्या नवऱ्यामुळं. हा माणूस वाळूजला कंपनीत जातो, घरी आल्यावर मोजकंच बोलतो आणि माझी थट्टा करायची म्हणून दोन शब्द जास्त खर्च करतो. एका संध्याकाळी गॅलरीत चहा घेत उभा होता. माय खाली भाजीवाल्याकडे गेली होती. मी सवयीनं काटा सरळ करायला गेले.

"तू रोज काटा सरळ करतेस," तो म्हणाला. "त्या रोज हलवतात. पण कुठं नेतात ते बघितलंस का कधी?"

"कुठं म्हणजे? बाजूला."

"रोज एकाच बाजूला. तो ओरखडा आहे ना काचेवर, बरोबर तिथं. डोकं काम करत नसलेल्या माणसाला रोज तीच जागा कशी सापडेल?"

काचेवरचा तो ओरखडा पिशोरच्या एका शेळीच्या शिंगाचा. मी बघत राहिले. काटा खरोखर रोज तिथंच असायचा आणि मी रोज तो तिथूनच हलवत होते. पण माझं लक्ष काटा सरळ करण्यावर होतं, तो कुठून उचलते आहे याच्यावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय अंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या खुर्चीत बसले. बातम्या चालू होत्या. काटा मधोमध ठेवला. आवाज जाड, भरलेला, ऐकायला गोड. मग ओरखड्यापाशी नेला. आवाज चिरका झाला, पण एक गोष्ट नव्यानं कानावर आली. शब्दांतला प्रत्येक स आणि श शिट्टीसारखा वेगळा उठून येत होता. च, त, क नुसते टोचत होते.

मी शिकवते ते विज्ञान तेवढ्यात माझ्या मदतीला आलं. बोलण्यातले जाड, घुमणारे आवाज कमी वारंवारतेचे असतात. स, श, च, त यांचे बारीक आवाज जास्त वारंवारतेचे. काटा स्टेशनच्या मध्यावर असला की जाड आवाज पुढं येतात आणि बारीक आवाज त्यांच्याखाली दबतात. काटा जरा बाजूला गेला की जाड आवाज मागं पडतात आणि बारीक आवाज वर येतात. मायला बारीक आवाजच पाहिजे होते.

मी आत गेले आणि देवघरातला कापूस आणला. दोन्ही कानांत घट्ट बोळे घातले आणि पुन्हा बसले. काटा मधोमध: नुसतं गुं गुं, कुणीतरी बोलतंय एवढंच. काटा ओरखड्यावर: पाणीपुरवठा, शेतकरी, कापूस. शब्द. ओळखता येतील असे शब्द.

मायचं डोकं गेलं नव्हतं. मायचे कान गेले होते, तेही अर्धेच. आणि उरलेल्या अर्ध्या कानांना काय लागतं ते ती हातानं चाचपडत शोधून त्या ओरखड्यावर येऊन थांबली होती. मी कानात कापूस घालून गॅलरीत बसल्या बसल्या रडले. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण माझ्याकडे बघत होती. बघू दे म्हटलं. इतका आनंद मला माझ्या नोकरीच्या ऑर्डरीनंही दिला नव्हता.

माय केस पुसत बाहेर आली. मी तिला खुर्चीत बसवलं, समोर बसले आणि तोंड तिच्याकडे करून सावकाश विचारलं, "माय, तुला ऐकू येत नाही का गं?"

"ऐकू येतं की."

"मग?"

"ऐकू येतं, कळंना. तू बोलायलीस त्ये ऐकू यायलंय. काय बोलायलीस त्ये कळंना. समदी माणसं तोंडाला पदर लावून बोलायल्यावानी वाटत्यात."

"आणि रेडिओ?"

"मधी ठिवला की घुमतंय नुसतं. हितं ठिवला की त्यो माणूस तोंड उघडून बोलतोय."

"अगं मग सांगायचं नाही का असं!"

"सांगितलं की," माय शांतपणे म्हणाली. "कितींदा सांगितलं. कळंना म्हून."

खरंच सांगितलं होतं. तिच्या बोलीत कळंना म्हणजे शब्द ओळखू येत नाही. आम्ही शिकलेसवरलेले, आम्ही तो शब्द सरळ डोक्याकडे नेला. भावानं नेला, मी नेला, शेजाऱ्यांनी नेला. एका शब्दावरून एका बाईच्या शेळ्या आणि घर जायला निघालं होतं.

मेंदूच्या डॉक्टरांच्या आधी आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथं कान तपासणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. मायला तिनं काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर उभी होते. सुरुवातीचे जाड आवाज होते तेव्हा मायचा अंगठा भराभर चालत होता. मग आवाज बारीक होत गेले असावेत. अंगठा थांबला. माय मान थोडी तिरकी करून वाट बघत बसली, रेडिओ बंद पडल्यावर माळावर उभी राहायची तशी. मुलगी आवाज वाढवत होती आणि माय अजून वाट बघत होती. आपल्या हातून चूक होईल या भीतीनं तिनं बटण दोन्ही हातांनी धरलं होतं. ते मला बघवेना.

तपासणी झाल्यावर मुलीनं आधी मायकडेच तोंड करून तिला सांगितलं, मग मला. हे मला फार आवडलं. "आजींना पाचशे हर्ट्झपर्यंत चांगलं ऐकू येतं. दोन हजाराच्या पुढं कान खूप उतरलेत. स, श, च हे सगळे आवाज तिकडंच असतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही."

कळत नाही. तिनंही तोच शब्द वापरला. मी तिला रेडिओच्या काट्याची गोष्ट सांगितली. तिनं ती पुन्हा सांगायला लावली, मग आतल्या डॉक्टरांना बोलावून तिसऱ्यांदा सांगायला लावली. माय आम्हा तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. आपलं काहीतरी चांगलं झालेलं आहे, हे तिला आमच्या चेहऱ्यांवरूनच समजलं असणार, कारण तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

भावाला मी जिन्यातूनच फोन लावला. त्या मुलीनं सांगितलेलं सगळं सांगितलं.

"म्हंजी डोकं ठीक हाय तिचं?"

"तुझ्यापेक्षा बरं आहे."

"मग त्या गाडीचं?"

"साडीतला स ऐकू आला नाही तिला. बाकी सगळं आलं होतं."

तो हसला. पुढच्या सुट्टीला तो एसटीनं पडेगावला आला, ती साडी घेऊन. मायच्या समोर बसून, तोंड उघडून, एक एक अक्षर सुटं करत म्हणाला, "सा-डी." माय म्हणाली, "दिसती की. मी काय आंधळी हाय व्हय?"

कानातलं मशीन आलं तेव्हा लगेच सगळं गोड झालं असं नाही. मशीन लावून माय खुर्चीतून उठली आणि दचकून खाली बसली. "काय वाजायलंय गं?" आम्ही शोधायला लागलो. तिचंच लुगडं सळसळत होतं. किती तरी वर्षांनी ते तिच्या कानावर आलं होतं. मग पहिल्याच दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि ती कानांवर हात ठेवून ओरडली, "बंद कर त्ये!" मला त्या ओरडण्याचं इतकं कौतुक वाटलं की मी मुद्दाम आणखी एक शिट्टी होऊ दिली. वर्तमानपत्राची पानं, चपलांची फटफट, नळाचं ठिबकणं, सगळ्याची तिला कटकट व्हायची. मशीन काढून ती डब्यात ठेवायची आणि मी परत लावायची. यावरून आमची भांडणंही झाली, तीही अगदी मनासारखी. कारण आता मी बोलले ते तिला कळत होतं आणि ती त्यालाच उत्तर देत होती.

सगळ्यात अवघड होतं ते पाठीमागून आलेलं बोलणं. समोर तोंड दिसलं की तिला शब्द मिळायचे. मागून कुणी बोललं तर अजूनही ती वळून बघायची आणि विचारायची, काय म्हन्लीस? कान तपासणारी मुलगी म्हणाली होती, वेळ लागेल, कानांना विसरलेलं परत शिकावं लागतं. आम्ही वेळ दिला.

मग एक दिवस कपडे वाळत घालायला मी गॅलरीत गेले. माय मशीन लावून खुर्चीत बसली होती, मांडीवर निवडायची मेथी. रेडिओवर शेतीचं काहीतरी चालू होतं. आवाज स्वच्छ, भरदार. मी ओला टॉवेल हातात घेऊन उभी राहिले. काटा मधोमध होता. मी आठवून बघितलं. मी हात लावला नव्हता. मी तर त्या दिवसापासून काट्याकडे बोट न्यायचंच सोडलं होतं.

"माय, काटा कुणी हलवला?"

"मीच की. आता घुमंना. मग कशाला वाकडा ठिवायचा?"

मी टॉवेल पिळून परत पिळला. सरळ रेघेचं माझं वेड मला जन्मभर आहे, पण त्या काट्याइतकी सरळ रेघ मी दुसरी बघितलेली नाही.

मध्यम लहरी बंद होणार असं अधूनमधून ऐकू येतं. आता सगळं मोबाइलवर, एफएमवर, मेगाहर्ट्झमध्ये. मीटरचा आकडा तर कुणी सांगतही नाही. होईल ते होईल. मला एवढंच वाटतं, की त्या डबड्यानं आमच्या घरात आपलं काम पुरं केलं. लहानपणी त्यानं मला बाप जवळ आणून दिला, आणि मोठेपणी माय परत मिळवून दिली. माणसाचे उपकार मानतात तसे मी त्याचे मानते.

मायला पिशोरला पोचवायला मी स्वतः गेले. कन्नडपर्यंत एसटी, तिथून भाऊ आणि आम्ही जीपनं. मायच्या चुलत दिरानं इतके महिने सांभाळलेल्या शेळ्या दावणीला होत्या. माय जीपमधून उतरली आणि दारातच थांबली. "घुंगरं," ती म्हणाली. शेळ्यांच्या गळ्यातली घुंगरं तिला कितीतरी दिवसांनी ऐकू येत होती. एक एक शेळी जवळ घेऊन तिनं तिची मान हलवून बघितली. ज्या शेळीनं ओरखडा काढला होता ती केव्हाच गेली, पण तिची नात होती, तीही तशीच द्वाड.

आम्ही चहा घेतला. भावानं कुकर, गॅस, दाराची कडी सगळं तपासलं. मायनं ट्रान्झिस्टर खुंटीला अडकवून सुरू केला. जीपवाला घाई करायला लागला, तसा भाऊ पिशव्या घेऊन पुढं गेला.

आणि मला ऐनवेळी तिला सोडवेना. इतके महिने ती पिशोरला जाऊ शकावी म्हणून मी धडपडले, आणि आता तीच जागा मला फार लांब वाटायला लागली. रडू दिसू नये म्हणून मी तिच्याकडे पाठ केली आणि रस्त्याकडे बघत, स्वतःशीच पुटपुटले, "किती लांब राहतेस गं, माय."

ती माझ्या मागं ओट्यावर उभी होती. तिला माझं तोंड दिसत नव्हतं. रेडिओ चालू होता, शेळ्यांची घुंगरं वाजत होती, जीपचं इंजिन सुरू झालं होतं.

"लांब कुठं?" मागून माय म्हणाली. "दोनशे मीटर बी नाय."